कुठलाच पक्ष पटत नाही, मग मत कुणाला? ब्रिटनमधल्या मराठी मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेबरवर रागावलेले, टोरींना (कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला) विटलेले, लिब डेमवर (लिबरल डेमोक्रॅट्सवर) भरवसा न उरलेले, रिफॉर्मला घाबरणारे किंवा उलट तिकडेच ओढले गेलेले, असे सगळे वाचक डोळ्यांसमोर ठेवून ही प्रश्नावली लिहिली आहे. कुणाला मत द्या हे इथे सापडणार नाही. ठरवायचे कसे, यावर मात्र माझी मते ठाम आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. मला इथे मत आहे का?

आहे, आणि पार्लमेंटच्या निवडणुकीतही आहे. भारत राष्ट्रकुलात असल्याने ब्रिटनमध्ये कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला नाव नोंदवता येते. स्किल्ड वर्कर असा, विद्यार्थी असा, डिपेंडंट असा. आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या शेजारच्या फ्रेंच किंवा जर्मन माणसाला पार्लमेंटसाठी मत देता येत नाही, तुम्हाला येते. साम्राज्याच्या हिशेबातली ही उरलेली बाकी आहे, ती वसूल करायला लाजू नका.

नोंदणी सरकारी वेबसाइटवर होते. त्यासाठी नॅशनल इन्शुरन्स नंबर विचारला जातो, आणि मतदानाच्या आधी कामकाजाचे बारा दिवस उरेपर्यंतच ती करता येते. काउन्सिल टॅक्स भरतो म्हणजे यादीत नाव आलेच असेल, असे धरून चालू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

इथे मत दिले तर भारतीय नागरिकत्वाला धक्का लागतो का?

नाही. नागरिकत्व जाते ते दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतल्यावर. तुम्ही अजून भारतीय नागरिक असाल तर अनिवासी म्हणून भारतातही नाव नोंदवता येते, फक्त मत द्यायला स्वतः तिथल्या केंद्रावर जावे लागते. ओसीआय कार्डवाल्यांना (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना) भारतात मत नाही.

सगळे पक्ष सारखेच आहेत ना?

हे वाटण्यामागे सबळ कारणे आहेत. २००९ मध्ये खासदारांच्या भत्त्यांचे प्रकरण बाहेर आले, त्यात जवळपास सगळ्याच पक्षांचे लोक होते. २०१० मध्ये लिब डेम उमेदवारांनी विद्यापीठांची फी वाढू देणार नाही अशी लेखी शपथ घेतली. सत्तेत वाटा मिळाल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात फीची मर्यादा ९,००० पौंडांवर नेण्यात त्यांचा हात होता. टोरींनी चौदा वर्षांत पाच पंतप्रधान दिले. त्यातल्या दोघांना लॉकडाउनमधल्या पार्टीबद्दल पोलिसांनी दंड केला आणि एक ४९ दिवस टिकल्या. लेबरने जुलै २०२४ मध्ये निवडून आल्याआल्या बहुसंख्य पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता काढून घेतला, जाहीरनाम्यात त्याचा उल्लेख नव्हता. जून २०२५ मध्ये त्यातला बराचसा परत द्यावा लागला.

इमिग्रेशनवर तर आपल्या माणसांना फरक दिसेनासा होतो, हे मी मान्य करतो. जोडीदाराला आणण्यासाठी लागणारे उत्पन्न एप्रिल २०२४ मध्ये १८,६०० वरून २९,००० पौंडांवर नेले ते टोरींनी. मे २०२५ मध्ये आयएलआरसाठीची वाट पाच वर्षांवरून साधारण दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला तो लेबरने. सप्टेंबर २०२५ मध्ये रिफॉर्मने आयएलआर हा प्रकारच बंद करू असे सांगितले. तिघांचे तोंड एकाच दिशेला आहे, पण ‘दहा वर्षांनी मिळेल’ आणि ‘कधीच मिळणार नाही’ यांतला फरक व्हिसावर असलेल्या घराला विचारा.

बाकी विषयांत फरक आणखी ठळक आहे. खासगी शाळेच्या फीवर जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागला, तो लेबरने लावला आणि टोरींनी विरोध केला. हॅरो किंवा स्लाउमधल्या किती मराठी घरांचे महिन्याचे गणित त्याने हलले! घरमालकाने कारण न देता भाडेकरूला काढण्यावरची बंदी टोरींनी २०१९ मध्ये कबूल केली होती, त्यांच्या काळात ती झाली नाही. लेबरने २०२५ मध्ये कायदा केला. तुम्ही भाड्याने राहता की भाड्याने देता, यावर तुम्हाला तो कायदा चांगला वाटेल की वाईट, ते ठरेल. पण पक्ष सारखे असते तर तो झाला नसता किंवा आधीच झाला असता.

देशभर कोण पुढे आहे ते पाहून ठरवू का?

तेच तर करू नका. टीव्हीवरचे आकडे देशाचे असतात आणि तुमचे मत तुमच्या एका मतदारसंघातच मोजले जाते. ६५० मतदारसंघ, प्रत्येकात सर्वाधिक मते मिळवणारा एक जण जिंकतो, बाकीच्यांची मते तिथेच संपतात. ही पद्धत भारतातलीच आहे, किंबहुना भारताने ती इथूनच घेतली. पण भारतात आघाड्या आणि जागावाटप उघडपणे होते, इथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक पक्ष स्वतंत्र उभा राहतो, त्यामुळे मतविभागणी जास्त विचित्र होते.

४ जुलै २०२४ चे निकाल बघा. लेबरला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्मला १४.३ टक्के मते पडली आणि जागा पाच. लिब डेमला त्याहून कमी, १२.२ टक्के, आणि जागा ७२. कारण लिब डेमची मते दक्षिण इंग्लंडच्या ठरावीक पट्ट्यांत एकवटलेली होती, रिफॉर्मची सगळीकडे पसरलेली. लिझ ट्रस यांना हरवणारा लेबर उमेदवार अवघ्या २६.७ टक्के मतांवर निवडून आला. म्हणजे तिथल्या दर चारांतल्या जवळपास तिघांना तो नको होता.

लेस्टर ईस्टचे उदाहरण तर आपल्या लोकांना माहीत असायलाच हवे. १९८७ पासून लेबरकडे असलेली ही जागा लेबरच्या लाटेत टोरींच्या शिवानी राजा यांनी जिंकली, तीही एक तृतीयांशापेक्षा कमी मतांवर. लेबरचा अधिकृत उमेदवार होता, शिवाय त्याच जागेवरून पूर्वी लेबरचे खासदार राहिलेले दोघे, कीथ वाझ आणि क्लॉडिया वेब, वेगळे उभे होते. देशभरातल्या हवेवरून लेस्टर ईस्टचा अंदाज बांधणारा सपशेल चुकला असता.

म्हणून माझा पहिला सल्ला कंटाळवाणा आहे. जाहीरनामे उघडायच्या आधी आपल्या मतदारसंघाचा मागचा निकाल काढा. पहिला कोण, दुसरा कोण, अंतर किती. पुढचे बरेच प्रश्न त्या तीन गोष्टींवर सुटतात.

माझ्या एका मताने असे काय होणार आहे?

जागेवर अवलंबून आहे. २०२४ मध्ये लंडनच्या हेंडनमध्ये निकाल १५ मतांनी लागला, पूलमध्ये १८ मतांनी. २०१७ मध्ये नॉर्थ ईस्ट फाइफची जागा दोन मतांनी राहिली. आणि आपल्याला सर्वांत जवळचा दाखला १८९२ चा: मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी फिन्सबरी सेंट्रलमधून पाच मतांनी निवडून आले. फेरमोजणीत हे अंतर आणखी कमी भरले, पण जागा राहिली.

उलट जिथे एकच पक्ष दहा-पंधरा हजारांनी जिंकतो, तिथे तुमच्या मताने खासदार बदलणार नाही. तिथे मोकळेपणाने मनातल्या पक्षाला मत द्या. गंमत अशी की बहुतेक लोक नेमके उलटे वागतात: पक्क्या जागेवर ‘मत वाया जाईल’ म्हणून मोठ्या पक्षाला मत देतात आणि अटीतटीच्या जागेवर निषेध नोंदवायला जातात.

टॅक्टिकल व्होटिंग म्हणजे मनाविरुद्धच मत ना?

थोडेसे, हो. जो नकोच आहे त्याला हरवू शकेल अशा उमेदवाराला, तो दुसऱ्या पसंतीचा असला तरी, मत द्यायचे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पसंतीचे क्रमांक लिहायची सोय या मतपत्रिकेवर नाही. ती आणण्याचा एक प्रयत्न मे २०११ च्या सार्वमतात झाला आणि ६७.९ टक्के लोकांनी तो फेटाळला. सोय नाही म्हटल्यावर तो हिशेब मतदाराने डोक्यात करायचा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. दारात पडणाऱ्या पत्रकांवर ‘इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो’ असे सांगणारा स्तंभालेख असतो. हा प्रकार लिब डेमने नावारूपाला आणला आणि आता सगळेच करतात. त्यातला आकडा कधी काउन्सिलच्या निवडणुकीचा असतो, कधी शेजारच्या मतदारसंघाचा, आणि खांबांची उंची आकड्यांशी जुळेलच असे नाही. मागच्या पार्लमेंट निवडणुकीचा त्याच जागेचा निकाल स्वतः बघा. त्यातही गोम आहे: २०२४ च्या आधी मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, त्यामुळे २०१९ चे आकडे बऱ्याच ठिकाणी जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

छोट्या पक्षाला दिलेले मत वायाच जाते का?

जागा मिळाली नाही तरी मताचा माग राहतो. पाच टक्के मते मिळाली तर उमेदवाराची ५०० पौंडांची अनामत वाचते. विरोधी पक्षांना पार्लमेंटमधल्या कामासाठी जो सरकारी निधी मिळतो त्याचा हिशेब जागांबरोबरच मतांवरही होतो, दर २०० मतांमागे ठरावीक रक्कम. पण त्यासाठी पक्षाकडे किमान दोन जागा, किंवा एक जागा आणि दीड लाख मते असावी लागतात. म्हणजे ग्रीनला तुम्ही पक्क्या लेबर जागेवर दिलेल्या मताचाही त्या हिशेबात वाटा असतो.

याहून मोठा परिणाम मोठ्या पक्षांच्या भीतीतून होतो. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणाऱ्या युकिप या पक्षाला २०१५ मध्ये १२.६ टक्के मते आणि एकच जागा मिळाली. पण त्या पक्षाच्या वाढीच्या धास्तीने डेव्हिड कॅमेरन यांनी २०१३ मध्येच युरोपवर सार्वमत घेण्याचे वचन देऊन टाकले होते. पुढे काय झाले ते आपण सगळे भोगतो किंवा साजरे करतो आहोत.

इथे ‘नोटा’ आहे का?

नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये ते बटण आले. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर तशी ओळ नाही. कोरी किंवा खाडाखोड केलेली मतपत्रिका बाद मतांत जाते. बाद मते कारणनिहाय मोजली जातात आणि आकडा जाहीर होतो, म्हणजे निषेधाची नोंद राहते, पण ‘चुकून बाद’ आणि ‘रागाने बाद’ एकाच गठ्ठ्यात बसतात.

२०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता, २७,५०० मतांसह. त्याची बातमी झाली. जागा पहिल्या उमेदवारालाच गेली. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी एक पाऊल पुढे टाकले होते: नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. ब्रिटनमध्ये यातले काहीच नाही. तरी रागच दाखवायचा असेल तर घरी बसण्यापेक्षा मतपत्रिका बाद केलेली बरी. का, ते पुढच्या उत्तरात.

मतच दिले नाही तर काय बिघडले?

२०२४ मध्ये दर दहांतल्या चार नोंदणीकृत मतदारांनी मत दिले नाही. मतदान ५९.७ टक्के झाले. त्या चारांत आळशी किती, आजारी किती आणि चिडलेले किती, हे कुणालाच वाचता येत नाही.

पक्षांना मात्र एक गोष्ट वाचता येते. मतदान केंद्रावर तुमच्या नावावर खूण होते, आणि ती खुणा केलेली यादी पक्षांना नंतर मिळू शकते. तुम्ही कुणाला मत दिले ते त्यात नसते, पण दिले की नाही ते असते. पुढच्या वेळी कार्यकर्त्यांना कुठल्या दारांवर पाठवायचे ते यावरून ठरते. सलग तीन निवडणुका खूण नाही, तर त्या दारावर वेळ कोण घालवेल? ‘आपल्या गल्लीकडे कुणी ढुंकून बघत नाही’ या तक्रारीतला एक भाग इथून येतो. बाद मतपत्रिका टाकणाऱ्याच्या नावावर खूण होते, घरी बसणाऱ्याच्या नावावर नाही.

पक्ष सोडून नुसता माणूस बघून मत द्यावे का?

बघावा, पण त्याला काय करता येते ते लक्षात ठेवून. बहुतेक मतदानात खासदार व्हिपप्रमाणे वागतो. जुलै २०२४ मध्ये दोन मुलांपुरत्या मर्यादित बेनिफिटच्या प्रश्नावर सात लेबर खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिले आणि सातही जणांना संसदीय पक्षातून निलंबित करण्यात आले. माणूस खरा महत्त्वाचा ठरतो तो व्हिप नसतो तेव्हा. इच्छामरणाच्या विधेयकावर नोव्हेंबर २०२४ मध्ये ३३० विरुद्ध २७५ असे मतदान झाले, आणि दोन्ही बाजूंना मोठ्या पक्षांचे लोक होते. तुमच्या खासदाराने काय केले ते ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून दिसते.

दुसरी कसोटी स्थानिक आहे. होम ऑफिसमध्ये अडकलेल्या अर्जाबद्दल खासदाराच्या कार्यालयाला लिहिले तर उत्तर येते का? ज्यांचा व्हिसा कधी लटकला आहे त्यांना या कसोटीची किंमत सांगावी लागत नाही. आपल्या मंडळात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, लगेच कळेल.

अपक्षही निवडून येतात. २०२४ मध्ये लेस्टर साउथमध्ये शॉकत ॲडम यांनी लेबरच्या एका ज्येष्ठ नेत्याला हरवले, इझलिंग्टन नॉर्थमध्ये जेरेमी कॉर्बिन यांनी आपल्याच जुन्या पक्षाला.

निवडून आल्यावर त्याने पक्ष बदलला तर?

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. इथे पक्षांतरबंदी कायदाच नाही. क्रिश्चन वेकफर्ड जानेवारी २०२२ मध्ये टोरींतून थेट लेबरमध्ये गेले, डॅनी क्रूगर सप्टेंबर २०२५ मध्ये टोरींतून रिफॉर्ममध्ये. दोघांची जागा शाबूत राहिली. भारतात कायदा असून जे व्हायचे ते होतेच, तेव्हा हसू नका.

खासदार परत बोलावण्याची सोय २०१५ च्या कायद्याने आली, पण तुरुंगवासाची शिक्षा, सभागृहातून किमान दहा बैठकांचे निलंबन किंवा भत्त्यांची खोटी मागणी केल्याबद्दल शिक्षा, एवढ्याच कारणांसाठी. मग सहा आठवड्यांत दहा टक्के मतदारांच्या सह्या लागतात. २०२३ मध्ये वेलिंगबरोच्या पीटर बोन यांची खासदारकी अशीच गेली. पक्ष बदलणे त्या कारणांत नाही.

‘आपला माणूस’ म्हणून मत द्यावे का?

सुरुवातीच्या भारतीय वंशाच्या खासदारांतले तिघे मुंबईशी नाते असलेले पारशी होते: नौरोजी लिबरल, १८९५ मध्ये निवडून आलेले मंचेरजी भावनगरी टोरी, १९२२ मध्ये आलेले शापुरजी सकलातवाला कम्युनिस्ट. तिघे एका खोलीत बसले असते तर भारतात ब्रिटिश राज्य असावे की नसावे यावरच भांडले असते. आडनावावरून धोरण कळत नाही, हे तेव्हापासून सिद्ध आहे. ऋषी सुनक पंतप्रधान असतानाच वर सांगितलेली २९,००० पौंडांची अट आली. आनंद वाटायला हरकत नाही, पण मत हिशेबानेच द्या.

काउन्सिलच्या निवडणुकीतही हाच गोंधळ?

तिथे वैताग जरा बाजूला ठेवता येतो. कचरा, पार्किंग, वृद्धांची देखभाल, बांधकाम परवाने, शाळेतले प्रवेश यांचा पक्षाच्या राष्ट्रीय भांडणाशी फार संबंध नसतो. मतदान कमी होते, त्यामुळे एखाद्या सोसायटीच्या आकाराचा गटही निकाल फिरवू शकतो. राष्ट्रीय नेत्याला धडा शिकवण्यासाठी चांगल्या काउन्सिलरला पाडू नका, एवढेच सांगेन.

स्कॉटलंडमध्ये काउन्सिलला पसंतीक्रमाने मत देता येते, उत्तर आयर्लंडमध्येही. या दोन ठिकाणी मत वाया जाण्याची भीती बरीच कमी होते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये त्यांच्या स्वतःच्या निवडणुकांना सोळाव्या वर्षापासून मत आहे.

घरातल्या सगळ्यांचे पोस्टल व्होट मी भरले तर चालेल ना?

नाही. हा गुन्हा आहे, प्रेमाने केला तरी. केंद्रावरसुद्धा दुसऱ्याच्या सोबत उभे राहून त्याच्या मतावर प्रभाव टाकायला २०२३ च्या कायद्याने बंदी आहे. आईबाबांना इंग्रजी वाचता येत नसेल तर केंद्रावरच्या अधिकाऱ्याला मदत मागता येते. आणि घरात चार जणांनी चार पक्षांना मत दिले तर काही बिघडत नाही, त्या रात्रीच्या जेवणाला विषय मिळतो.

एवढे वाचूनही ठरत नाही. मग?

पुढच्या पाच वर्षांत तुमच्या घरावर परिणाम करणारे तीन निर्णय कागदावर लिहा. तीनच. व्हिसा, घरभाडे, शाळा, आईची शस्त्रक्रियेची वेटिंग लिस्ट, जे असेल ते. त्या तिघांवर प्रत्येक पक्ष काय म्हणतो ते वाचा, बाकी जाहीरनामा सोडून द्या. मग जागेचा मागचा निकाल शेजारी ठेवा. आवडणारा कुणी उरला नाही तर सर्वांत जास्त नुकसान कोण करेल ते बघा आणि त्याला रोखू शकणारा निवडा.

मतदानाच्या दिवशी काय लक्षात ठेवू?

पार्लमेंटसाठी आणि इंग्लंडमधल्या काउन्सिलसाठी फोटो ओळखपत्र लागते. भारतीय पासपोर्ट चालतो, ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालते, साठीच्या पुढच्यांचा लंडनचा ऑयस्टर पासही चालतो. विद्यार्थ्यांचे रेलकार्ड चालत नाही. मुदत संपलेले ओळखपत्रही चालते, फक्त फोटोत तुम्ही ओळखू यायला हवे. पोस्टल व्होटला ओळखपत्र लागत नाही, आणि पोस्टात टाकायचे राहिले तर ते केंद्रावर नेऊन फॉर्म भरून देता येते. काउन्सिल कार्यालयाच्या पत्रपेटीत नुसते घालून जाऊ नका.

केंद्रे सकाळी सात ते रात्री दहा उघडी असतात. पेन्सिल ठेवलेली असते, स्वतःचे पेन वापरले तरी चालते. शिफ्ट संपवून धावत आलात आणि दहा वाजता रांगेत उभे असाल, तर तुम्हाला मत देऊ द्यावेच लागते. रांग सोडू नका.